पुढले वचन

बिदर आणि कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांत वाढलेल्या आमच्यासारख्या ख्रिस्ती कुटुंबांचा संसार तीन भाषांचा आहे. रविवारची उपासना कानडीत, बाजारहाट दखनीत आणि रात्री कंदिलाभोवती बसून केलेली घरची प्रार्थना मराठीत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या हैदराबाद संस्थानातील बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले आणि उरलेला काही भाग आंध्रात गेला. नातीगोती मात्र कोणत्याही सरकारला वाटून देता आली नाहीत. आमचे आजोळ अशाच एका सीमेलगतच्या खेड्यात होते. आज जे लिहावयाचे आहे ते त्या खेड्यातले आहे. चाळीस वर्षांहून अधिक काळ ते आम्ही मनात ठेवले, याचे कारण त्यात आमची स्वतःची चूक आहे.

माणसाचे तारण विश्वासाने होते की सत्कर्मांनी, हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीत जुना आहे. लहानपणी शब्बाथशाळेत आम्हांला त्याचे उत्तर तोंडपाठ करविले होते आणि पाठ झालेल्या उत्तराविषयी मनुष्य पुढे विचार करीत नाही. आम्हीही केला नाही. तो करण्याची पाळी १९८३ साली आली, ती आमचे थोरले मामा वारले तेव्हा.

थोरल्या मामांविषयी थोडे सांगितले पाहिजे. १९१८ साली पाऊस नव्हता आणि त्यातच इन्फ्ल्युएंझाची साथ आली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे त्या साथीने नेली. त्यांत आमचे आजोबाही गेले. मामा तेव्हा सात वर्षांचे होते. आजीच्या घरात दाणा नव्हता. तिने मुलाला मिशनच्या वसतिगृहात ठेवले. तेथे तो जगला, चार इयत्ता शिकला, आणि मोठा होऊन परत गावी येऊन शेती करू लागला. काळी जमीन, तूर आणि ज्वारी ही पिके, अंगणात एक पेव. ज्यांनी पेव पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत खोल खड्डा घेऊन, त्याला आतून कडब्याचे अस्तर देऊन त्यात ज्वारी भरतात आणि तोंड दगडमातीने लिंपून टाकतात. धान्य त्यात वर्षानुवर्षे टिकते. पेव फोडले की आतली कोंदट हवा निघून जाईपर्यंत कोणी आत उतरत नाही. पेव ही कुणब्याची अडल्या वेळची ठेव. ती सहसा उघडीत नाहीत.

१९७२ च्या दुष्काळात मामांनी पेव उघडले. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडेही माणसे खडी फोडायला जात होती. रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो मिळे, तोही पुरेसा नसे. मामांनी घरटी मापून ज्वारी दिली, जात विचारली नाही, कागद केला नाही. पेव रिकामे झाले तेव्हा त्यांनी एक बैल विकला. आम्ही त्या वेळी गुलबर्ग्यास नव्यानेच शिक्षकाच्या नोकरीस लागलो होतो आणि घरी तान्हे मूल होते. एका सकाळी आजोळचा गडी दोन पोती ज्वारी घेऊन दाराशी आला. ती ज्वारी आम्ही खाल्ली, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

गावकरी मामांना दामाजी म्हणू लागले. आमच्या मुलखात हे नाव कोणाला सांगावे लागत नाही. मंगळवेढ्याचा दामाजीपंत हा बिदरच्या बादशहाचा अंमलदार. दुष्काळात लोक अन्नावाचून मरत होते तेव्हा त्याने सरकारी कोठारे लुटविली. बादशहाने त्याला पकडून बिदरला आणण्यास माणसे पाठविली. पण तो पोहोचण्यापूर्वीच विठू महाराच्या रूपाने पांडुरंग बिदरच्या दरबारात आला, धान्याची सगळी किंमत मोजून दिली आणि पावती घेऊन गेला, अशी ती कथा. महिपतीने १८व्या शतकात ती ‘भक्तविजया’त गायिली आणि कीर्तनकारांनी ती घरोघर पोहोचविली. आम्ही ख्रिस्ती असलो तरी ती आम्हांला मायबोलीबरोबर मिळाली आहे. मामांना मात्र हे नाव आवडत नसे. ते म्हणत, “दामाजीनं वाटलं ते राजाचं होतं. माझंबी तसंच आहे. त्यात माझं नाव कशाला घेता?”

हे सर्व खरे असले तरी आणखी एक गोष्ट तितकीच खरी होती. एका जुन्या वादावरून मामांनी देवळात येणे सोडले होते. वाद कशाचा होता आणि चूक कोणाची, हे आता उकरून काढण्यात अर्थ नाही. शेवटची अकरा वर्षे ते उपासनेस आले नाहीत, प्रभुभोजन घेतले नाही. पाळक भेटावयास गेले की ते चहा देत, शेताविषयी बोलत, आणि देवळाचा विषय निघाला की गप्प होत.

ते वारले त्या दिवशी पाळकसाहेब परगावी होते. मातीचे काय करावे, हे ठरविण्यास पंच जमले. आम्ही नातलग म्हणून आणि चार बुके शिकलेले म्हणूनही त्यांच्यात बसलो होतो. एकाने विचारले, अकरा वर्षे प्रभुभोजन न घेतलेल्या मनुष्यासाठी मंडळीने विश्वासणाऱ्याची प्रार्थना करावी काय? दुसरा म्हणाला, “पण त्यांनी केवढं पुण्य केलं!” या ‘पुण्य’ शब्दाने आमच्यातला शिक्षक जागा झाला. आम्ही इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाचे आठवे आणि नववे वचन म्हणून दाखविले. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, ते देवाचे दान आहे, कर्माने ते मिळत नाही आणि म्हणून कोणी बढाई मारू नये, असा त्या वचनांचा आशय आहे. आम्ही वचने शुद्ध म्हटली. त्यावर कोणाला बोलता आले नाही. मामांच्या सत्कर्मांची बाजू आमच्याच तोंडाने बंद झाली.

आजी आत मातीपाशी बसली होती. वय नव्वद, अक्षरओळख नाही, डोळ्यांनी फारसे दिसत नव्हते. तिचे सगळे शास्त्र कानाने आलेले. रात्रीच्या प्रार्थनेत जे वाचले जाई ते तिने साठ वर्षे ऐकले होते. ती आतूनच म्हणाली, “पुढलं वचन म्हण की रे लेकरा.”

आम्हांला पुढले वचन आठवेना. शब्बाथशाळेत दोनच पाठ करविली होती, बक्षीसही दोहोंवरच मिळाले होते. मग आजीनेच ते म्हटले, हळूहळू, एकेक शब्द आठवीत. आपण देवाच्या हातचे काम आहोत. ख्रिस्त येशूच्या ठायी आपण सत्कर्मांसाठी निर्माण झालो आहोत आणि ती सत्कर्मे देवाने आपल्यासाठी अगोदरच तयार करून ठेविली आहेत, असे त्या दहाव्या वचनात आहे. एवढे म्हणून ती थांबली. “आठ-नऊ सांगतोस आन् धा गिळतोस व्हय?” एवढेच ती बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच आम्हांला अधिक लाज वाटली.

संध्याकाळच्या गाडीने पाळकसाहेब आले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि प्रार्थना केली, पूर्ण विधीने केली. तारणाचा निवाडा करण्याची सत्ता देवाने पंचांना दिलेली नाही, ती पाळकालाही नाही, एवढे एकच वाक्य ते याविषयी बोलले. लिंगायत, मुसलमान, मराठे, सगळ्या आळ्यांतील माणसे आली होती. प्रत्येकाने मूठभर माती टाकली. मूठ टाकताना आमचा हात थरथरला, कारण त्या हाताने मामांची ज्वारी खाल्ली होती.

तेव्हापासून या प्रश्नाचा आम्ही जमेल तसा अभ्यास केला. पंडित होण्यासाठी नव्हे, आमची चूक नेमकी कोठे होती हे कळावे म्हणून. जे कळले ते थोडक्यात सांगतो.

पौलाने लिहिले की मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोबाने लिहिले की केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनीही ठरतो. दोघांनीही दाखला अब्राहामाचाच दिला आहे. वरवर पाहता हा उघड विरोध होय. पण पौल ज्या प्रसंगाकडे बोट दाखवितो तो उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातला आहे. त्या वेळी अब्राहामाच्या हातून काहीही घडलेले नाही, त्याने देवाच्या वचनावर केवळ भरवसा ठेवला आहे. याकोब ज्याकडे बोट दाखवितो तो प्रसंग बाविसाव्या अध्यायातला, म्हणजे पुष्कळ वर्षांनंतरचा आहे. तेथे त्या भरवशाची कसोटी लागते. एकजण बी पेरण्याची वेळ सांगतो, दुसरा कणीस भरण्याची. उपाशी बांधवाला भाकरी न देता “सुखाने जा” म्हणणाऱ्याचा विश्वास मेलेला आहे, असे जे याकोब सांगतो ते आठव्या वचनाच्या विरुद्ध नाही, दहाव्या वचनाचेच ते विवरण आहे.

मार्टिन ल्यूथरने १५१७ साली जो वाद उभा केला त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न होता. पुण्य विकत घेता येते अशी समजूत त्या काळी पसरली होती आणि तिच्याशी तो भांडला. १५२२ च्या आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला गवताची उपमा दिली, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्याच ग्रंथातील रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्याने असेही म्हटले आहे की विश्वास ही जिवंत व सतत कामात असलेली गोष्ट आहे आणि चांगले केल्यावाचून ती राहूच शकत नाही. दुसऱ्या बाजूस, १५४७ साली ट्रेंटच्या धर्मसभेने ल्यूथरच्या मताचा निषेध केला; पण त्याच निर्णयात, कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरतो असे म्हणणाऱ्याचाही निषेध आहे. भांडण चारशे वर्षे चालले, आणि दोन्ही पक्षांनी एकमेकांची अर्धीच वचने पाठ केली.

आमच्या भागात हैदराबाद संस्थानाच्या काळापासून मेथडिस्ट मिशनने शाळा व दवाखाने चालविले. म्हणून जॉन वेस्लीचे चरित्र आम्हांला जवळचे वाटते. ऑक्सफर्डला असताना तो उपास करी, तुरुंगातील कैद्यांना भेटे, गरिबांना पैसे देई. सत्कर्मांत त्याने काही उणे ठेवले नव्हते. तरीही त्याच्या मनाला शांती नव्हती. २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका लहानशा सभेत कोणी ल्यूथरची तीच रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना वाचत होते. ती ऐकताना त्याला प्रथमच वाटले की आपले पाप आपल्यासाठी फेडले गेले आहे. त्यानंतर त्याने सत्कर्मे सोडली काय? नाही. पन्नास वर्षे तो घोड्यावरून फिरला, गरिबांसाठी दवाखाना काढला, गुलामगिरीविरुद्ध लिहिले. काम तेच होते, पण पूर्वी तो ते फेड म्हणून करीत होता, पुढे ते आभार म्हणून करू लागला.

आपल्या मराठी मुलखात पंडिता रमाबाईंचेही असेच घडले. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले. परंतु त्यांच्याच सांगण्याप्रमाणे त्यांना तोवर ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांनी वाचले. हा गृहस्थ पाळक असूनही पुष्कळ वर्षे असाच रिता होता. १८९१ च्या सुमारास त्यांना उमगले की आपण ज्या गोष्टीसाठी झटत आहोत ती फुकट मिळालेली आहे. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली केडगावला घेऊन आल्या. कृपेने तारण होते असे मानणारा मनुष्य हातावर हात ठेवून बसतो, असा जो आक्षेप आहे त्याला केडगावएवढे दुसरे चांगले उत्तर आम्हांस सापडलेले नाही.

आणखी एक गोष्ट आनंदाची आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे ल्यूथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. देव आपल्याला केवळ कृपेने, आपल्या कोणत्याही योग्यतेमुळे नव्हे, स्वीकारतो, आणि त्याचाच आत्मा आपल्याला सत्कर्मांसाठी सिद्ध करतो, हे दोघांनी मिळून कबूल केले. २००६ साली सोल येथे जगातील मेथडिस्ट मंडळ्यांनीही त्यास संमती दिली. त्याच्या आदल्याच वर्षी, २००५ साली, आमच्या भागासाठी गुलबर्ग्याचा कॅथलिक धर्मप्रांत झाला होता. आज एकाच पेठेत राहणारी मेथडिस्ट व कॅथलिक कुटुंबे या एका बाबतीत तरी एकमेकांकडे बोट दाखवू शकत नाहीत. हा जाहीरनामा वाचला तेव्हा आम्हांला आजीची आठवण झाली. मोठमोठ्या विद्वानांनी वर्षानुवर्षे बसून जे लिहिले ते आठ, नऊ आणि दहा ही तीन वचने एकत्र वाचणेच होय.

आणि आमची माती तरी कोणती? बिदरपासून काही कोसांवर बसवकल्याण आहे. १२व्या शतकात बसवेश्वरांनी तेथे कायक आणि दासोह ही दोन तत्त्वे सांगितली. हाताने कष्ट करावे आणि त्याचे फळ वाटून खावे. ती शिकवण वेगळ्या धर्माची आहे, आणि तिची आपल्या सिद्धान्ताशी ओढून ताणून सांगड घालणे उचित नव्हे. पण आमचे लिंगायत शेजारी कष्टाला पूजा मानताना आम्ही पाहत आलो, आणि त्यांच्यासमोर केवळ तोंडाने विश्वास सांगणाऱ्या ख्रिस्ती माणसाची मान खाली जाते, हे कबूल केले पाहिजे.

आता पुन्हा मामांकडे येतो. मातीनंतर काही दिवसांनी त्यांची लोखंडी पेटी उघडली. आत धोतरजोडी, पुष्कळ हाताळलेला मराठी नवा करार आणि एक वही होती. आम्हांला वाटले, दुष्काळात कोणाला किती ज्वारी दिली त्याचा हिशेब त्यात असेल. तसा एक आकडाही नव्हता. वहीत नावे होती ती ज्यांच्याकडून मामांना काही मिळाले होते त्यांची. १९१८ साली वसतिगृहात रोज भाकरी वाढणारी बाई. तापात उशाशी बसलेली नर्स. पहिल्या पेरणीला बी उसने देणारा शेजारी. शेवटचे पान कोरे होते, फक्त वर लिहिले होते, “आणि ज्याची फेड होत नाही तो.”

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचा दाखला आहे. राजा उजवीकडच्यांना म्हणतो की मी भुकेला असताना तुम्ही मला खायला दिले. आणि ते गोंधळून विचारतात, आम्ही तुला भुकेला केव्हा पाहिले? त्यांनी हिशेब ठेवलेला नसतो. दिलेल्याचा हिशेब ठेवणारा मनुष्य कर्माने तरू पाहतो. मिळालेल्याचा हिशेब ठेवणाऱ्याला कृपा कळलेली असते, मग ती त्याला शब्दांत सांगता येवो वा न येवो.

दामाजीच्या कथेत आधी कोठार उघडते आणि मग कर्ज फिटते. ख्रिस्ती श्रद्धेत हा क्रम उलटा आहे. पावती आधीच फाडली गेली आहे. ती मिळवावयाची म्हणून कोठार उघडावयाचे नाही, मिळाली म्हणून उघडावयाचे आहे. पण दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे, आणि मामांनी ती नेमकी ओळखली होती. कोठारातले धान्य राजाचे असते. ते वाटणाऱ्याने बढाई मारू नये आणि न वाटणाऱ्याने विश्वासाची वचने म्हणून दाखवू नयेत.

मामांनी देवळात यावयास हवे होते, असे आम्हांस आजही वाटते. प्रभूचे मेज हे रागलोभाने सोडण्याची जागा नाही, आणि मंडळीवाचून विश्वास एकटा पडतो. त्यांची ती उणीव आम्ही झाकीत नाही. पण उणिवा मोजावयास बसलो तर त्या दिवशी सर्वांत मोठी उणीव आमचीच निघेल. मामांना समजूत घालून देवळात आणण्यासाठी अकरा वर्षांत आम्ही एकदाही गेलो नाही. गेलो ते मातीला, आणि तोंडात दोन वचने घेऊन.

आमची नातवंडे आता कलबुर्गीला इंग्रजी शाळेत जातात. रविवारी त्यांची वचने आम्ही पाठ करवून घेतो. इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय आला की आठवे आणि नववे वचन ती धडाधड म्हणतात आणि उठू लागतात. आम्ही त्यांना खाली बसवितो आणि म्हणतो, पुढलं वचन म्हण की रे लेकरा.